पाठीवरचा खो

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातील, पन्नाशीला पोहोचलेला गृहस्थ असून एस.टी.मध्ये वाहतूक नियंत्रक आहे. बसस्थानकावर ध्वनिक्षेपकावरून गाड्यांची घोषणा करणे हा माझ्या कामाचा रोजचा भाग आहे. हे मुद्दाम लिहिले, कारण शाळेत असताना मी तोतरा होतो आणि वर्गात हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानाही अडखळत असे.

आमच्या १९९१ च्या दहावीच्या तुकडीचा स्नेहमेळावा पुढील महिन्यात ठरला आहे. त्या तुकडीतील माझा जिवलग मित्र डिसेंबर १९९० मध्ये खो-खोच्या सरावात मैदानावरच गेला. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. मेळाव्यात त्याच्या फोटोला हार घालायचा, दोन मिनिटे स्तब्ध उभे राहायचे, त्याच्या नावाने चषक ठेवायचा आणि स्मरणिकेत त्याच्यावर एक पान द्यायचे असे ठरले असून, आम्ही एका बाकावर बसत होतो म्हणून ते पान लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी चार वेळा लिहून फाडले. प्रत्येक वेळी ‘हसतमुख, मनमिळाऊ, अष्टपैलू खेळाडू’ एवढेच कागदावर उतरते आणि ते वाचताना तो मला दिसत नाही.

तो गावातला सर्वांत चपळ मुलगा होता. खांबापाशी तो असा वळायचा की पाठलाग करणारा पुढे निघून जायचा. पण मला आठवते ते वेगळेच. आमच्या संघात खो देताना मुले पाठीवर जोराचा रट्टा मारत असत. त्याचा खो मात्र कधी लागला नाही. हात टेकल्यासारखा यायचा, पण आवाज असा की मैदानाच्या पलीकडे ऐकू जावा. मी संघात यावे असा त्याचा हट्ट होता. खो-खोत स्पर्श आणि ‘खो’ हा मोठा, स्पष्ट उच्चार दोन्ही एकदम झाले नाहीत तर पंच फाउल देतात, आणि माझ्या तोंडून तो एक शब्दही वेळेवर निघत नसे. तेव्हा तो मला रोज संध्याकाळी त्यांच्या मळ्यातील विहिरीवर नेऊ लागला. आम्ही कठड्यावर पालथे पडून आत ‘खो’ म्हणून ओरडायचो. विहीर तो शब्द परत द्यायची आणि तो म्हणायचा, “बघ, तिला कळलं.” अडीच-तीन महिन्यांनी मी संघात राखीव खेळाडू झालो.

आता जे कोणालाच सांगितलेले नाही ते लिहितो. तो गेला त्याच्या आठ दिवस आधी पहाटे आम्ही दोघे पळायला गेलो असताना, चढावर पळता पळताच तो एकदम कोसळला. मिनिटभराने उठला, कपडे झाडले आणि म्हणाला, “सरांना सांगू नको, जिल्ह्याच्या संघातून काढतील.” मी शब्द दिला आणि पाळला. पुढे मैदानावर तो पडला तेव्हा आम्ही त्याला खांबाला टेकवून बसवले, तोंडावर पाणी मारले, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला आणि टेम्पोत घालून तालुक्याला नेईपर्यंत सगळे संपले होते. गावात कोणी उन्हाचे कारण सांगितले, कोणी बाहेरचे काही.

त्याची आई आज पंचाहत्तरीची आहे आणि धाकट्या मुलाकडे गावातच राहते. मित्र गेल्यानंतर मी त्या घराची पायरी चढलेलो नाही. ती रस्त्यात दिसली तर मी वाट बदलतो, कारण मला पाहिले की तिचे डोळे भरतात. धाकट्या भावाची मुलगी चौदा वर्षांची आहे, खो-खो खेळते आणि यंदा जिल्ह्याच्या संघात निवडली गेली आहे. ते ऐकल्यापासून मला झोप नाही.

मी हे पान कसे लिहू? त्याच्या आईला भेटायला जाऊ का? आणि त्या पहाटेची गोष्ट आता, ३५ वर्षांनी, सांगायची की माझ्याबरोबरच जाऊ द्यायची?

— एक वाचक, सांगली जिल्हा


उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुम्ही प्रश्न ज्या क्रमाने विचारले आहेत त्या क्रमाने मी उत्तर देणार नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर थांबण्यासारखे नाही, म्हणून ते आधी देते.

ती पहाटेची गोष्ट त्याच्या धाकट्या भावाला सांगा, आणि ती मेळाव्यापर्यंत राखून ठेवू नका. तुमच्या मनावरचे ओझे उतरावे म्हणून हे सांगत नाही. त्या घरातील चौदा वर्षांच्या मुलीसाठी सांगते आहे. उभ्या उभ्या, उपाशीपोटी किंवा घाबरून मुले चक्कर येऊन पडतात आणि त्यामागे बहुतेक वेळा काळजीचे कारण नसते. पण पळत असताना, ऐन श्रमात, शुद्ध हरपून कोसळणे ही हृदयाची धोक्याची सूचना असू शकते आणि तिची तपासणी झालीच पाहिजे असे वैद्यकशास्त्र सांगते. तुमच्या मित्राला नेमके काय झाले होते हे आज कोणीही ठरवू शकणार नाही. तथापि वरवर ठणठणीत दिसणारी तरुण मुले खेळताना अचानक जातात तेव्हा त्यामागे हृदयाचा स्नायू जन्मजात दोषामुळे जाड होत जाण्याचा विकार, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीची जन्मापासूनची चुकीची रचना किंवा हृदयाचे ठोके चालवणाऱ्या विद्युत्‌ यंत्रणेतील बिघाड अशी कारणे असतात. यांपैकी स्नायू जाड होण्याचा विकार साधारणपणे पाचशे माणसांत एकाला असतो, तो बहुधा आनुवंशिक असतो, आणि आई किंवा वडिलांपैकी एकाकडे तो जनुकीय दोष असेल तर प्रत्येक अपत्याकडे तो येण्याची शक्यता निम्मी असते. विद्युत्‌ यंत्रणेचे काही दोषही असेच घराण्यात उतरतात.

म्हणजे तुमच्या मित्राचा भाऊ हा आजवर कधीही न तपासलेला जवळचा नातेवाईक आहे आणि त्याची मुलगी रोज मैदानावर धावते आहे. घाबरवण्याचा माझा हेतू नाही. तपासणीत काहीही निघणार नाही हेही अगदी शक्य आहे. परंतु हृदयरोगतज्ज्ञ अशा वेळी पहिला प्रश्न हाच विचारतात, की घरात कोणी लहान वयात अचानक गेले आहे का, आणि दुसरा हा, की त्याआधी श्रम करताना कोणाची शुद्ध हरपली होती का. पहिल्याचे उत्तर त्या घराला ठाऊक आहे. दुसऱ्याचे उत्तर या जगात एकट्या तुम्हाला ठाऊक आहे. भावाने आणि त्याच्या मुलीने दोघांनीही तपासून घ्यावे. हृदयाचा आलेख (ईसीजी) आणि टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, या दोन्ही तपासण्या कराव्यात, कारण विद्युत्‌ यंत्रणेचा दोष एकोत दिसत नाही आणि धमनीच्या रचनेचा दोष आलेखात सहसा सापडत नाही. तज्ज्ञांना ही सगळी हकिकत आधी सांगितली तर पुढे आणखी कोणती तपासणी हवी हे ते ठरवतील, आणि त्यांचे मत येईपर्यंत त्या मुलीने मैदानात उतरावे की नाही हेही त्यांनाच विचारावे. भावाला हे सांगताना तुमच्या अपराधाची कहाणी लांबवू नका. काय पाहिले, कधी पाहिले आणि त्याने काय म्हटले, एवढेच सांगा.

आता त्या अपराधाविषयी. तुम्ही शब्द पाळला नसता तर तो वाचला असता, हे वाक्य ३५ वर्षे तुमच्या सोबतीला आहे असे तुमच्या पत्रावरून दिसते. मी शाळेत पुष्कळ वर्षे शिकवले आहे, म्हणून पंधरा वर्षांच्या मुलांना मी थोडेबहुत ओळखते. त्या वयात मित्राला दिलेला शब्द ही मुलाजवळची सर्वांत मोठी वस्तू असते, आणि पहाटे चढावर आलेली चक्कर कोणालाही उपाशी पळाल्याची चक्करच वाटली असती. समजा तुम्ही सरांना सांगितले असते, तर १९९० मध्ये तालुक्याच्या गावी त्याला फार तर ताकदीचे टॉनिक आणि आठ दिवसांची विश्रांती मिळाली असती, असे मला प्रामाणिकपणे वाटते. मैदानावर तुम्ही जे केले तेही त्या वेळी कोणीही मोठ्या माणसाने केले असते. तुमच्या आसपासच्या एकाही प्रौढाला छातीवर दाब देऊन हृदय चालते ठेवता येते हे माहीत नव्हते, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात आली ती २०१४ मध्ये.

आणखी एक गोष्ट तुम्ही जाणून घ्यावी असे वाटते. २६ जून २००३ रोजी फ्रान्समधील लियॉं शहरात कॅमेरून आणि कोलंबिया यांच्यात फुटबॉलच्या कॉन्फेडरेशन्स कपचा उपान्त्य सामना चालू असताना कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फो हा खेळाडू मैदानाच्या मध्यभागी, आजूबाजूला कोणीही नसताना कोसळला. तो २८ वर्षांचा होता, युरोपातील मोठ्या संघांकडून खेळलेला होता, मैदानाच्या कडेला डॉक्टर हजर होते, आणि तरीही त्याला वाचवता आले नाही. त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झालेला होता हे नंतर शवविच्छेदनात कळले. जे तिथे इतक्या जाणत्या माणसांना आधी दिसले नाही, ते तुमच्या गावच्या चढावर, पहाटेच्या अंधारात तुम्हाला दिसायला हवे होते, अशी अपेक्षा तुमचा मित्रसुद्धा करणार नाही. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिकसन सामन्यात असाच कोसळला, तेव्हा लगेच छातीवर दाब देण्यास सुरुवात झाली, विजेचा झटका देणारे यंत्र मैदानातच वापरले गेले, आणि तो वाचला. पुढे पुन्हा खेळलाही. आज हे ज्ञान आपल्या हाती आहे. ते तेव्हा तुमच्या हाती नव्हते याला अपराध म्हणता येत नाही.

चषकाविषयी थोडक्यात सांगते. चषक ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, पण त्या वर्गणीतील काही भाग शाळेतील शिक्षकांना आणि वरच्या वर्गांतील मुलांना हे प्रशिक्षण देण्यावर खर्च करा. छातीच्या मध्यभागी तळहाताच्या टाचेने मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब कसा द्यायचा आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन कसा लावायचा, हे एका दुपारी शिकता येते. झटका देणारे यंत्र येईपर्यंतचे प्रत्येक मिनिट मोलाचे असते, आणि कोसळलेल्याला बसवायचे नसते, आडवे ठेवायचे असते, एवढे कळले तरी पुढच्या एखाद्या मुलाचा जीव वाचू शकतो. मात्र चषकाला त्याचे नाव देण्याआधी त्याच्या आईला विचारा. ते नाव तिने ठेवलेले आहे.

म्हणून आता तिच्याकडे येते. तिला भेटायला जाऊ का, असे तुम्ही विचारता. जा. तुमचे तीन प्रश्न वाचताना माझे मन सर्वांत जास्त वेळ इथेच रेंगाळले.

तुम्हाला पाहून तिचे डोळे भरतात, आणि तुम्ही त्याचा अर्थ असा लावला की आपल्या दिसण्याने तिला त्रास होतो. मला तसे वाटत नाही. तुमच्या चेहऱ्यावर, तुमच्या पिकलेल्या केसांवर ती आपला मुलगा आज केवढा झाला असता ते मोजत असणार. गावात तो हिशेब करण्यासाठी तिच्याजवळ दुसरे माप नाही. तुम्ही वाट बदललीत तेव्हा तेही तिला मिळाले नाही.

माझ्या वर्गातील एक मुलगा नववीत असताना आजाराने गेला. त्याची निबंधाची वही माझ्याकडे तपासायला राहिली होती आणि ती त्याच्या आईला नेऊन देण्याचे धैर्य गोळा करायला मला दोन वर्षे लागली. तिने ती वही उघडलीसुद्धा नाही. मुखपृष्ठावरच्या त्याच्या नावावरून ती कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली आणि मग तिने मला विचारले, “बाई, तो वर्गात कुठे बसायचा?” मी सांगितले, खिडकीकडून दुसरी रांग, तिसरा बाक. तिने ते दोनदा म्हणून घेतले, पाठ करावे तसे. आईला मुलाचे घरातले सगळे ठाऊक असते. शाळेतला, मैदानातला, मित्रांमधला मुलगा तिने पाहिलेलाच नसतो. तो तुमच्याकडे असतो.

तुमच्या मित्राच्या आईजवळ पंधरा वर्षांच्या आठवणी आहेत आणि गेल्या ३५ वर्षांत त्यांत एकाचीही भर पडलेली नाही. लोक तिला धीर देतात, तोच तो धीर. तिच्या मळ्यातील विहिरीवर तो रोज संध्याकाळी एका तोतऱ्या मुलाला घेऊन जात होता आणि आत तोंड घालून ‘खो’ म्हणायला शिकवत होता, हे तिला माहीत आहे का? त्या मुलाच्या आवाजावर आज स्थानकातील माणसे आपापल्या गाडीकडे जातात, हे तिला कोणी सांगितले आहे का? बहुधा नसावे. तिच्या मुलाविषयीची एक नवी गोष्ट तुमच्याजवळ इतकी वर्षे पडून आहे.

जायचे कसे, तेही लिहिते. मेळाव्याच्या दिवशी चाळीस जणांनी शाल, श्रीफळ आणि कॅमेरा घेऊन तिच्या दारी जाऊ नये. तसे ठरले असेल तर तुम्ही ते थांबवा. तिला कार्यक्रमाला यायचे असेल तर ती येईल, पण त्याआधी तुम्ही एकट्याने, एखाद्या साध्या दिवशी, दुपारची कामे आवरल्यानंतर जा. इतकी वर्षे का आला नाहीत याची क्षमा मागायची तर एका वाक्यात मागा आणि पुढे बोला. त्याचे नाव घ्या. पत्रात तुम्ही ते लिहिले नाही आणि इथे छापलेही नाही, पण त्या घरात ते मोकळेपणाने घेतले पाहिजे, कारण मृत मुलाचे नाव घेण्याचे सगळे टाळतात आणि आईच्या कानांना ते ऐकण्याची फार ओढ असते. ती रडली तर तिला रडू द्या. उठून जाऊ नका, विषय बदलू नका, आणि ‘आता विसरायला हवे’ असे तर कदापि म्हणू नका. चहा होईल, तो घ्या.

पहाटेची गोष्ट तिला आपण होऊन सांगू नका असे माझे मत आहे. भावाला सांगणे आवश्यक आहे कारण त्याचा उपयोग आहे. आईला सांगितल्याने तुमचे मन हलके होईल, पण तिला नवी टोचणी लागेल, की त्या आठ दिवसांत आपल्या लक्षात कसे आले नाही. नातीच्या तपासणीचे निघाले म्हणजे घरात चर्चा होईलच आणि कदाचित ती स्वतः तुम्हाला विचारेल, “त्याला आधी काही होत होतं का रे?” असे विचारले तर खोटे बोलू नका. होते तसे सांगा आणि त्याबरोबर हेही सांगा की त्याला जिल्ह्याच्या संघात खेळायचे होते आणि ते त्याच्यासाठी सर्वांत मोठे होते. त्याचा हट्ट तिच्याइतका कोणाला ठाऊक असणार?

राहता राहिले स्मरणिकेचे पान. ते पान तुम्ही लिहिले आहे. ते माझ्याकडे आलेल्या पत्रात आहे. ‘त्याचा खो मात्र कधी लागला नाही’ या एका वाक्यात तो मुलगा मला जसा दिसला, तसा तुमच्या फाडलेल्या चार मसुद्यांत कोणालाही दिसला नसता. हसतमुख, मनमिळाऊ, अष्टपैलू हे शब्द खोटे नाहीत, पण चौकातील श्रद्धांजलीच्या प्रत्येक फलकावर ते असतात आणि म्हणून ते कोणाचेच राहिलेले नाहीत. तुमच्या मित्राचा चांगुलपणा हातात होता. वेगाने धावत येऊन, पाठलागाच्या भरात, समोर बसलेल्या मुलाच्या पाठीवर हलका हात टेकवणे हे खेळणाऱ्याला किती कठीण आहे, ते तुमच्या संघातील प्रत्येकाला वाचताच आठवेल, कारण इतरांचे रट्टे त्यांनीही सोसलेले आहेत. तो हात कसा होता ते लिहा. विहिरीचा कठडा, आतून येणारा आवाज आणि “बघ, तिला कळलं” हे वाक्य जसेच्या तसे ठेवा.

तो रागवायचा का? कशावरून? हरल्यावर बोलायचा का? डब्यात काय आणायचा? गणितात तुमच्या वहीतून उतरवून घ्यायचा का? हेही लिहा. अकाली गेलेल्या माणसाला आपण लगेच देव्हाऱ्यात बसवतो आणि मग त्याच्याशी आपली ओळख राहत नाही. पंधरा वर्षांचा मुलगा हट्टी असतो, काही गोष्टी लपवतो, प्रसंगी चुकतो. तुमच्या मित्राने दुखणे लपवले ते त्या वयाच्या हट्टाने. तो हट्टच तुम्हाला रोज विहिरीवर नेत होता, नाहीतर अडीच-तीन महिने रोज एका मुलाच्या एका शब्दासाठी कोण थांबते?

मृत्यूची हकिकत दोन ओळींपेक्षा वाढवू नका. टेम्पो, कांदा आणि गावातील बोलवा यांना त्या पानावर जागा नको. शेवटी ‘तो आज असता तर’ असेही लिहू नका, कारण ते कोणालाच ठाऊक नाही. पान लिहून झाले की छापायला देण्याआधी त्याच्या आईला मोठ्याने वाचून दाखवा. ती कुठे हसली आणि कुठे तिने तुम्हाला थांबवून दुरुस्ती केली, ते टिपून घ्या आणि तेवढे बदला.

तिच्याकडे जायला एक-दोन आठवडे लागले तरी चालतील. भावाला मात्र हे उत्तर वाचून झाल्याबरोबर फोन करा, आणि मुलीच्या तपासणीचे निष्कर्ष आले की मला दोन ओळी लिहा.